व्हिसा संपत आलाय, परत जायला घर उरलं नाही

प्रश्न : आम्ही हर्णैला राहतो. माझे मिस्टर सुदानमध्ये खार्टूमला नोकरीला होते, 2023 मध्ये तिथली लढाई पेटल्यावर भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन कावेरी’तून आले. तिथल्या शेजाऱ्यांची विधवा सून आठ वर्षांच्या मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मेडिकल व्हिसावर मुंबईत आली, आता आमच्याकडे आहे. व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो. तिचं घर लढाईत गेलं. एक एजंट आधार काढून देतो म्हणतो. आमच्यावर केस होईल का?

उत्तर : ताई, आधी त्या एजंटला वाटेला लावा. आज तिच्याकडे खरा पासपोर्ट आणि चालू व्हिसा आहे. खोटं आधार हातात आलं की ती बनावट कागदांची आरोपी होते, तुम्हीही तिच्यासोबत.

तुमचं घोडं दुसरीकडेच अडलंय. परदेशी पाहुणा घरी उतरला की 24 तासांत त्याच्या माहितीचा ऑनलाइन फॉर्म-3 (आधीचा सी-फॉर्म) भरायचा असतो. होमस्टेवाल्यांना हे पाठ असतं, घरगुती पाहुण्याच्या वेळी कुणाच्या ध्यानात येत नाही. राहिला असेल तर उशिरा का होईना, भरा.

आता तिचं. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्यात मुदत उलटून राहिल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 3 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सवलत तिबेटी, श्रीलंकन तमिळ अशा ठरावीक गटांना आहे, सुदानी त्यात नाहीत.

म्हणून व्हिसा चालू असतानाच परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या ई-एफआरआरओ पोर्टलवर मुदतवाढीचा अर्ज टाका, सोबत मुलाच्या फॉलो-अपचं हॉस्पिटलचं पत्र जोडा. त्याच आठवड्यात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांच्या दिल्ली कार्यालयाकडे नोंदणी मागा. तिथे मुलाखत होते. नवरा कधी, कसा गेला, घर कुणी लुटलं, हे तिने जसं घडलं तसंच सांगावं. पदरचं एक वाक्य घातलं आणि ते जुळलं नाही, तर खऱ्या गोष्टींवरही विश्वास बसत नाही. अरबी दुभाषा मागून घ्या. तुमच्या मिस्टरांची बाजारातली अरबी जबाबाला नको. उच्चायुक्त कार्यालयाचं कार्ड मिळालं तरी तो व्हिसा नव्हे, हे लक्षात असू द्या.

कोर्टात काय होईल? घटनेचं कलम 21, म्हणजे जगण्याचा हक्क, परदेशी माणसालाही लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सांगितलं. पण त्याच न्यायालयाने 2021 मध्ये रोहिंग्यांची पाठवणी थांबवायला नकार दिला. रीतसर प्रक्रिया पाळा, एवढंच सांगितलं. त्यामुळे खात्री मी देणार नाही.

पोलीस आलेच तर रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. बाई आणि मूल, दोघांनाही उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पासपोर्ट, व्हिसा आणि मुलाच्या फाइलच्या झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा, मूळ कागद मात्र तिच्याच पिशवीत असू द्या.