पुलाच्या कंपनाचे पहिले प्रारूप

वाशीच्या खाडीपुलावरून धावणाऱ्या लोकलचे कंपन गणिताने मांडायचे तुम्ही ठरवलेत, याचा मनापासून आनंद वाटला. मात्र रूळ, स्लीपर, खडी आणि अख्खी गाडी पहिल्याच प्रारूपात कोंबू नका. नवशिके बहुधा तिथेच अडकतात. दोन्ही टोकांना साधा आधार असलेली एकच तुळई आणि तिच्यावरून सरकणारा एकच भार घ्या. वेग अगदी कमी ठेवून, भार मध्यावर असतानाचा बाक ‘भार गुणिले लांबीचा घन, भागिले ४८ईआय’ या सूत्राशी जुळतो का, ते आधी तपासा (‘ई’ म्हणजे तुळईच्या पदार्थाचा लवचिकता गुणांक आणि ‘आय’ म्हणजे तिच्या छेदाच्या आकारावरून येणारा जडत्व आघूर्ण). तो जुळेपर्यंत पुढच्या कोणत्याही आलेखावर विश्वास ठेवू नका.

मग एका भाराऐवजी भारांची रांग तुळईवरून सरकवा. डबा सुमारे २० मीटरचा आणि वेग ताशी ७२ किलोमीटर असेल, तर धक्क्यांची मूळ वारंवारता सेकंदाला एक येते. ती किंवा तिची एखादी पट पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी, म्हणजे धक्का दिल्यावर तो आपोआप ज्या वारंवारतेने हलतो तिच्याशी, जुळली, की कंपन वाढत जाते. गणना पुढे नेताना काळाची प्रत्येक पायरी मोठी घेतलीत, तर नेमके हेच निसटते. रुळांचा खडबडीतपणा तूर्त बाजूला राहू द्या.