दचकला म्हणजे ऐकू आले का?

या वेळच्या प्रश्नांत प्रयोगशाळेतले उंदीर आहेत, शेतातले रोही (नीलगायी) आहेत आणि एक तान्हे बाळही आहे. सगळ्यांचा संबंध आवाजाशी आणि त्यावर दचकण्याशी आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील बी.फार्म.ची विद्यार्थिनी: प्रोजेक्टसाठी आम्ही पांढऱ्या उंदरांना मोठा आवाज ऐकवून त्यांचे दचकणे मोजले. दुसऱ्या दिवशी त्याच उंदरांना एका वनस्पतीचा अर्क पाजून पुन्हा मोजले, तर ते बरेच कमी दचकले. अर्कामुळे मेंदू शांत झाला असे लिहावे का?

एवढ्यावरून लिहू नका. दचकण्याची वाट अगदी जवळची असते. कानातून मेंदूच्या खोडातल्या ठरावीक पेशी, तिथून मज्जारज्जू आणि मग स्नायू. आवाज झाल्यावर काही मिलिसेकंदांत अंग आखडते, विचार करणाऱ्या मेंदूपर्यंत गोष्ट जायचीही गरज नसते. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी उंदीर कमी दचकतो. अर्काने त्याला गुंगी आली असेल, स्नायू ढिले पडले असतील, कानालाच इजा झाली असेल. तुमच्या प्रयोगात तर त्याहून सोपे कारण समोर आहे: तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून त्यांना त्याची सवय झाली. ज्या गटाला नुसते पाणी किंवा अर्क ज्यात कालवला ते द्रावण पाजले, असा गट त्याच दिवशी, त्याच वेळी तपासलेला नसेल तर सवय कोणती आणि अर्काचा परिणाम कोणता, हे सांगताच येणार नाही.

उंदराचे वजनही लिहून ठेवा. दचकणे मोजणाऱ्या यंत्रावर जड उंदराचा हिसका मोठा दिसतो.

मोठ्या आवाजाच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधी एक हलका आवाज दिला तर निरोगी उंदीर कमी दचकतो. याला प्रीपल्स इनहिबिशन म्हणतात, आणि स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या रुग्णांत हे दबणे कमी आढळते म्हणून औषधांच्या अभ्यासात ही चाचणी फार वापरली जाते. मोठा आवाज साधारण १२० डेसिबलचा, मागे सतत चालणारा खरखराट ६५ ते ७० डेसिबलचा आणि हलका आवाज त्याच्यापेक्षा थोडाच वर. उंदराला हा हलका आवाज ऐकूच आला नाही, तर दोष कानाचा असताना तो मेंदूच्या नावावर जमा होतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायच्या जागेत, कूलर धडधडत असतो. तो चालू असेल तर हलका आवाज त्यातच बुडतो, तेव्हा चाचणीची खोली कूलरच्या आवाजापासून वेगळी ठेवा.

उंदराची जात आणि वयही विचारात घ्या. सी५७बीएल/६ या काळ्या उंदरांचे उंच पट्टीचे ऐकणे काही महिन्यांच्या वयातच कमी होऊ लागते. डीबीए/२ जातीत ते त्याहून फार लवकर, आईचे दूध सुटायच्या सुमारासच सुरू होते. सीबीए जातीचे कान मात्र म्हातारपणापर्यंत चांगले टिकतात. तुमच्या पांढऱ्या उंदरांतही सगळ्यांचे कान सारखे असतील असे धरून चालू नका.

टाळी वाजवून कान तपासायची पद्धत सोडा. हाताची सावली पडते, हवा लागते, आणि बहिरा उंदीरही त्याने बिचकतो. उंदराचा कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो १६ किलोहर्ट्झच्या आसपास (किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी मोजायचे माप). म्हणून ढोबळ तपासणीला २० किलोहर्ट्झचा, सुमारे ९० डेसिबलचा छोटा टिक्क आवाज देतात आणि कानाची पाळी झटकन हलते का ते पाहतात. यातून ठार बहिरा उंदीर ओळखू येतो, अर्धवट बहिरा सुटून जातो.

वाशीम जिल्ह्यातील एक शेतकरी: हरभऱ्यात रोही अन् डुकरं येतात. भोंग्यावर वाघाची डरकाळी लावली, आठ दिवस बरं चाललं. आता रोही भोंग्याखालीच चरून राह्यले. कान गेले का त्याइचे? अन् घरातल्या उंदरांसाठी ते प्लगमध्ये लावायचं मशीन घ्यावं का?

भाऊ, कान शाबूत आहेत. वरच्या उंदरांसारखेच यांचेही झाले आहे. आवाज होतो पण त्यामागून काहीच येत नाही, हे त्यांना कळले. रात्रभर एकच डरकाळी लावू नका. जनावर धुऱ्यावर आले की लावा, आवाज बदला, भोंग्याची जागा बदला, आणि अधूनमधून जागलीवरच्या माणसाने बॅटरी घेऊन खरेच मागे लागायला हवे. तरी हा काही दिवसांचाच उपाय आहे. टिकाऊ म्हणाल तर सौर कुंपण, ज्याला आपण झटका मशीन म्हणतो. घरच्या लाइनचा करंट मात्र कुंपणात कधीही सोडू नका. त्याने माणसे मरतात आणि तो गुन्हाही आहे.

प्लगचे मशीन घेऊ नका. ते माणसाला ऐकू न येणारा, फार उंच पट्टीचा आवाज काढते. उंदराला ८०-९० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, त्यामुळे आवाज त्याला कळतो हे खरे. पण इतका बारीक आवाज हवेत लवकर विरतो, धान्याच्या पोत्यांपलीकडे जात नाही, आणि त्याचीही सवय होते. बिळे बुजवा, पत्र्याच्या कोठीत धान्य ठेवा, पिंजरा लावा.

वर्धा जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक: मुक्या जिवांना असे आवाज ऐकवणे योग्य आहे का? माणसाला त्याचा उपयोग काय?

गुरुजी, प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० चा आहे. त्याखालच्या नियमांनुसार संस्थेच्या ॲनिमल एथिक्स कमिटीची परवानगी असल्याशिवाय असा प्रयोग करता येत नाही. आवाज मोठा असला तरी तो सेकंदाच्या अगदी लहान भागापुरताच असतो. माझ्या मते खरा अन्याय होतो तो नीट न आखलेल्या प्रयोगात, कारण जीव वापरला जातो आणि हाती काहीच लागत नाही.

उपयोगाचे म्हणाल तर, मान हलवत गोल गोल फिरणारे ‘शेकर’ नावाचे बहिरे उंदीर होते. त्यांच्यातला बिघडलेला जनुक १९९५ मध्ये सापडला, आणि त्याच जनुकातल्या दोषाने माणसांत बहिरेपण आणि अंधत्व एकत्र आणणारा अशर सिंड्रोमचा एक प्रकार होतो हे कळले. ओटोफर्लिन या प्रथिनाअभावी जन्मतः बहिऱ्या उंदरांवर जनुक-उपचार आधी यशस्वी झाला. त्यानंतर २०२४ मध्ये तशाच मुलांना त्या उपचाराने ऐकू येऊ लागल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले.

अमरावती जिल्ह्यातील आशाताई: गावात १० महिन्यांचे बाळ आहे. हाक मारली तर वळत नाही. आजी म्हणते, ताटली पडली की दचकते, म्हणजे ऐकू येते. थांबावे का?

ताई, थांबू नका. जमिनीवर पडलेल्या ताटलीचा आवाज फार मोठा असतो, आपले बोलणे साधारण ६० डेसिबलचे. बरेच बहिरेपण असलेले मूलही मोठ्या आवाजाला दचकते. शिवाय फरशीचा हादरा जाणवतो, हालचाल दिसते. दचकण्यावरून बाळाला बोलणे ऐकू येते असे ठरवता येत नाही.

बाळाला कान-नाक-घसा विभाग आणि ऑडिओलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात न्या. तिथे दोन तपासण्या होतात. ओएईमध्ये कानात छोटा बोळा बसवून आतल्या कानाचा प्रतिसाद पाहतात, काही मिनिटांचे काम आहे. बेरा चाचणीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला आणि कानामागे इलेक्ट्रोड चिकटवतात, टिकटिक आवाज शेकडो वेळा देतात आणि श्रवणतंतू व मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या लाटा नोंदवतात. प्रयोगशाळेत उंदरांचीही पक्की तपासणी हीच. त्यांना भूल देऊन कातडीखाली सुया लावतात, बाळाला सुई टोचत नाहीत.

ओएई चांगली आली म्हणून परत फिरू नका. ओटोफर्लिनच्या दोषात ओएई चांगली येऊ शकते आणि बेरामध्ये लाटाच उमटत नाहीत. बाळाला जन्मानंतर जास्त कावीळ झाली असेल किंवा काचेच्या पेटीत ठेवले असेल, तर बेराचा आग्रहच धरा. आईवडील नात्यातले असतील, मामे-आते भावंडांतले लग्न असेल, तर तेही न संकोचता डॉक्टरांना सांगा.

बाळाला पहिल्या महिन्यात तपासून, तीन महिन्यांपर्यंत निदान करून, सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू व्हावेत असे मानले जाते. ती वेळ गेली आहे, पण ऐकायचे मशीन आताही लावता येते आणि लवकर लावले तेवढे बोलणे चांगले येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, म्हणून अंगणवाडीत येणाऱ्या पथकाकडे बाळाची नोंद आजच करा. बेराच्या दिवशी सकाळी बाळाला झोपू देऊ नका, दूध तिथेच पाजा म्हणजे चाचणीच्या वेळी ते आपसूक झोपेल. रिपोर्टवर दोन्ही कानांचे आकडे वेगवेगळे लिहिलेले असावेत. नसतील तर तिथेच विचारून लिहून घ्या.