अंतर सोड, पोरी

पोरी,

तुझा मेसेज वाचला. कुंभार्ली घाटात ट्रकवाल्याने हात बाहेर काढून 'जा' म्हटलं, तू गेली नाहीस, आणि मागचा जीपवाला हॉर्न बडवत, काच खाली करून काहीबाही बोलून पुढे गेला. "काका, माझं चुकलं का?" विचारतेस. त्याचं बोलणं सोडून दे. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ट्रकच्या फळक्यावरचा मोबाईल नंबर वाचता येत होता, असं तूच लिहिलंयस. एवढी जवळ काय करत होतीस?

अंतर सोड. ट्रकला चिकटलीस की समोर नुसता फळका. तीस-चाळीस पावलं मागे राहा, मग डाव्या वळणावर त्याच्या डाव्या अंगाने आणि उजव्या वळणावर उजव्या अंगाने पुढचा रस्ता उघडतो. नाक मधल्या पट्ट्याबाहेर काढून डोकवावं लागत नाही. मध्ये कोणी घुसेल म्हणशील. घुसू दे. घुसला की त्याच्यामागे पुन्हा अंतर सोड.

हिशेब करून बघ. ट्रक ताशी ४० ने, तू ६० ने. फरक २० चा, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. मागचं अंतर, ट्रकची लांबी आणि पुढे नीट शिरायला जागा मिळून ५५ मीटर धर. झाले १० सेकंद. तेवढ्यात तू १६५ मीटर जातेस आणि समोरून ६० ने येणाराही तेवढाच येतो. म्हणजे साडेतीनशे मीटर रिकामा रस्ता दिसायलाच हवा. 'असेल रिकामा' नाही, दिसायला हवा. घाटात असा तुकडा कितीदा मिळतो, तूच सांग.

ट्रकवाल्याचा हात म्हणशील, तर माणूस भला असेल. त्याला पुढचा रस्ता दिसतो. पण चार माणसं आणि एसी घेऊन तुझी गाडी चढाला किती उचल खाते, हे त्याला कुठून कळणार? उजव्या इंडिकेटरचं तर विचारूच नकोस. एकाचा अर्थ 'जा', दुसऱ्याचा 'थांब, समोरून येतंय', आणि तिसरा खरंच वळत असतो.

घाट संपून पाटणच्या पुढे रस्ता सरळ झाला म्हणून हुरळू नकोस. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर एकाएकी उजवीकडे शेताच्या वाटेला वळतो, आणि इंडिकेटर उसात झाकलेला, नाहीतर नसलेलाच. फाट्यावर तर ओव्हरटेक नाहीच. उजव्या हाताच्या फाट्यावरून डावीकडे वळून रस्त्याला लागणारा मोटारसायकलवाला फक्त त्याच्या उजवीकडे बघतो, कारण त्याच्या बाजूची वाहनं तिकडूनच येतात. तू त्याच्या डावीकडून, त्याच्याच बाजूने आलेली असतेस. त्याने तुला बघावंच का?

जायचं ठरलं तर गिअर आधी खाली टाक, बाहेर पडल्यावर नाही. ट्रकचं अख्खं तोंड आतल्या आरशात दिसलं की डावीकडे ये. पुढच्या ओव्हरटेकवाल्याची शेपटी धरून जाऊ नकोस, ती जागा त्याच्यापुरती असते. तुला कोणी ओलांडत असेल तर वेग वाढवायचा नाही, तसा नियमच आहे.

माझ्या या अंतराला आमच्या घरचे हसतात, तुला माहीत आहेच. भाचीच्या लग्नाला चिपळूणला निघालो, घाटात टँकरमागे अडकलो. मुहूर्त टळेल म्हणून तिला दुसऱ्याच मामाने बोहल्यावर आणलं. मी पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. ताई अजून ऐकवते, "एक टँकर ओलांडता आला नाही तुला?" नाही आला. दिसत नव्हतं. निघायला उशीर झाला तो हारांमुळे, आणि हार आणायला दाजींनीच सांगितलं होतं. फुलवाल्याने सकाळचा तास खाल्ला, त्याचं नाव कोणी काढत नाही. भाचीला हाताला धरून नेता आलं नाही हे सलतं, कोण नाही म्हणतंय? पण उद्या तोच टँकर, तेच वळण आलं तरी मी मागेच राहीन. मागच्या सीटवर आई बसली होती माझी.

असो. पावसाळ्याआधी वायपरची रबरं बदलून घे. धुकं उतरलं असेल तर घाटाखालच्या पोफळीपर्यंत ओलांडायचा विषयच काढू नकोस. आणि मोठा दिवा लावू नकोस, धुक्यात समोर पांढरी भिंत उभी राहते. लहानच ठेव.

काका