राखेच्या जिओपॉलिमर ब्लॉकची भिंत पाणी पिते, वरून काय मारावं?

परळीच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे जिओपॉलिमर (सिमेंटऐवजी राख आणि अल्कलीने घट्ट झालेले) ब्लॉक आहेत, पावसात ओल धरतात, वरून काय मारू, असं तुम्ही विचारलंय. आधी सांगा, भिंतीला गिलावा होणार आहे का? होणार असेल तर काहीच मारू नका.

अंबाजोगाईकडच्या एका घराची पश्चिमेची भिंत याच पायी वाया गेलेली मी पाहिली. ठेकेदाराने गिलाव्याआधीच ब्लॉकवर सिलेन, म्हणजे छिद्रांत मुरून पाणी अडवणारं रसायन, फवारलं. गिलावा धरतो तो ब्लॉक मसाल्यातलं पाणी ओढतो म्हणून. त्या पाण्यासोबत सिमेंट छिद्रांत शिरतं, तीच पकड. सिलेन छिद्रांच्या आतल्या भिंतींना चिकटतं आणि ओढच मारून टाकतं. दोन महिन्यांत टिचकी मारली की भिंत मडक्यासारखी वाजायला लागली. सुटलेल्या पापुद्र्याची पाठ गुळगुळीत, तिला ब्लॉकचा कणही चिकटलेला नव्हता. ठपका मात्र राखेच्या ब्लॉकवर आला. ब्लॉकचा काडीचा दोष नव्हता, हे मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगतो.

भिंत उघडीच ठेवणार असाल तर ऑक्टिल ट्रायइथॉक्सी सिलेन घ्या. जिओपॉलिमरमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट असतं, त्या तीव्र अल्कलीत लांब साखळीचं सिलेन तग धरतं. पोटॅशियम मिथिल सिलिकोनेट हे दुसरं पाणी अडवणारं रसायन स्वस्त पडतं, पण जास्त झालं की पांढरे डाग उमटतात.

भिंतीवर पांढरं फूल, म्हणजे क्षारांची पूड, आलं असेल तर आधी कोरड्या ब्रशने झाडा. ते बहुतेक सोडियम कार्बोनेट असतं. ते राहू देऊन वर सिलेन मारलं, तर क्षार आत स्फटिक होतात आणि ब्लॉकचा चेहराच सोलून निघतो. भिंत पूर्ण कोरडी हवी. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी मारू नका, आत मुरायच्या आधीच उडून जातं, सकाळी मारा. खालून वर जा, ओघळ वीतभर उतरेल इतकं भिजवा, पहिला हात ओला असतानाच दुसरा द्या. आठवडाभराने पाण्याचा थेंब टाकून पाहा. वाटाण्यासारखा गोल उभा राहिला तर जमलं, पसरून गडद डाग पडला तर ती जागा सुटली.

चकचकीत अॅक्रेलिक कोटिंग सुचवणाऱ्यांचं ऐकू नका, आतली ओल कोंडून ते फुगतं.

एक राहिलं: सिलेन भेगा बुजवत नाही आणि साचलेल्या पाण्याचा दाबही अडवत नाही. गच्ची, टाकी, जोत्याखालची भिंत इथे त्याचा उपयोग नाही.