शंख फुटतो, त्याआधी काय घडतं?

प्रश्न : विल्यम गोल्डिंग यांच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’वर मुलीने ‘शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान’ असं उत्तर लिहिलं. बाईंनी ‘अपुरं’ असा शेरा दिला. काय राहिलं?

उत्तर : प्रतीक प्रकरणागणिक बदलतं, ते राहिलं. निर्जन बेटावर अडकलेल्या शाळकरी मुलांच्या, १९५४च्या या कादंबरीची १२ प्रकरणं आहेत. वाचताना वस्तू कोणाच्या हाती आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे समासात पेन्सिलने टिपावं. चष्मा पाहा. दुसऱ्या प्रकरणात पिगी या मुलाच्या चष्म्याच्या भिंगांनी जाळ पेटतो, चौथ्यात शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक याच्या फटक्याने एक भिंग फुटतं, दहाव्यात चष्माच चोरीला जातो. (पिगीला लांबचं दिसत नाही, आणि तशा अंतर्गोल भिंगाने ऊन एकवटत नाही. ही लेखकाची चूक आहे. तिच्यातून प्रतीकार्थ काढू नये.) सभेत ज्याच्या हाती शंख त्यानेच बोलायचं, असा मुलांचा नियम; पण शंखाला मुलं मानतात तोवरच अधिकार. अकराव्यात तो पिगीबरोबरच संपतो.

मानवी स्वभावासाठी जॅकच्या टोळीतला रॉजर निवडावा. चौथ्या प्रकरणात तो लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून. आईवडील, शाळा, पोलीस, कायदा यांचा धाक अजून अंगात आहे. अकराव्यात तोच प्रचंड शिळा ढकलतो आणि पिगी मरतो. ही दोन दृश्यं शेजारी मांडली की ‘माणूस मुळात दुष्ट’ असं ठोकून द्यावं लागत नाही, धाक कसा झिजत गेला ते दिसतं. मुलं ज्याला घाबरतात ते बेटावरचं श्वापद म्हणजे कदाचित आपणच, हे सायमन या मुलाचं पाचव्यातलं म्हणणं त्यानंतर आणावं, आधी नको.