ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्याशी वागताना

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुझं पत्र मिळालं. नव्या जबाबदारीची बातमी वाचून देवाचे आभार मानले. हाताखाली माणसं आली तसे रोज निर्णय घ्यावे लागतात, म्हणून तू शहाणपणासाठी प्रार्थना करतोस हेही फार बरं वाटलं. पण शास्त्रात शहाणपणाचा आरंभ परमेश्वराच्या भयापासून होतो, आणि तिथेच तू अडला आहेस. देव प्रीती आहे, तर भ्यायचं कशाला?

सीनाय पर्वतापाशी गडगडाट आणि धूर पाहून लोक थरथर कापत दूर उभे राहिले, तेव्हा मोशेने त्यांना एका दमात दोन गोष्टी सांगितल्या: भिऊ नका; आणि पापापासून दूर राहण्यासाठी देवाचं भय डोळ्यांसमोर असू द्या (निर्गम 20:20). आदामाला झाडांआड लपवणारी भीती वेगळी. ती शिक्षेची भीती, आणि पूर्ण प्रीती तिलाच घालवून देते असं योहान लिहितो. स्तोत्र 130 तर म्हणतं की देवाजवळ क्षमा आहे म्हणूनच त्याचं भय धरलं जातं. ज्याला क्षमा मिळाली आहे, त्यालाच या भयाची गोडी कळते.

आता लेवीय 19:14 उघड. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, आपल्या देवाचं भय धर. हे भय नेमकं कुठे आणून ठेवलंय ते बघ. बहिऱ्याला शिवी ऐकू येणार नाही. आंधळा पडेल, पण दगड कोणी ठेवला हे त्याला कधीच कळणार नाही. साक्षीदार नाही, तक्रार नाही, पकडले जाण्याचा प्रश्नच नाही. वरिष्ठांसमोर आपण सगळेच जपून बोलतो, त्याला देवाचं भय लागत नाही. ते लागतं नवख्याच्या माथी आपली चूक मारण्याचा मोह होतो तेव्हा, कोणाचा अर्ज न वाचता बाजूला सारतो तेव्हा.

यासाठी मला नहेम्या फार आवडतो. यहूदाचा सुभेदार म्हणून तो 12 वर्षं राहिला. आधीच्या सुभेदारांनी लोकांकडून अन्न, द्राक्षारस आणि 40 शेकेल (त्या काळचं वजनाचं माप) चांदी घेतली होती. त्याच्या पंगतीला 150 यहूदी आणि शिवाय आजूबाजूच्या राष्ट्रांतून आलेले पाहुणे असत. रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरं लागत. घेण्यासाठी कारण हवंच असतं तर ते तयार होतं: रीत होती, हुद्दा होता, खर्चही डोळ्यांसमोर होता. तरी सुभेदाराचा वाटा त्याने घेतला नाही. कारण एकच सांगतो, देवाचं भय. आणि मग लोकांच्या अंगावर आधीच केवढा भार आहे, हे त्याला दिसलं.

भयातून शहाणपण येतं ते असं, निदान मला तरी ते असंच समजलं आहे. निर्णयाच्या मधोमध आपली सोय बसली की समोरचा माणूस धड दिसत नाही, आणि मन भराभर कारणं पुरवतं. देव पाहतो आहे याची जाणीव त्या सोयीला बाजूला सारते. मग हिशेब तोच असतो, माणसं तीच असतात, पण आता खरी परिस्थिती नजरेला पडते.

हुशारी पुरत नाही, हे शलमोन राजाकडे पाहून कळतं. गिबोनात त्याने न्याय करण्यासाठी समंजस मन मागितलं, ते त्याला मिळालंही. पुढे त्याचं मन परमेश्वरापासून फिरलं. तो मेल्यावर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, एवढंच मागायला आले की बापाने लादलेलं जड जू हलकं कर. रहबामाने वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून उद्दाम उत्तर दिलं, आणि राज्य दुभंगलं.

म्हणून प्रार्थना करताना नुसतं 'शहाणपण दे' म्हणून थांबू नकोस. हाताखालच्या माणसांची नावं एकेक करून देवापुढे घे. याकोब म्हणतो, देव दोष न लावता उदारपणे देतो, तेव्हा मागायला लाजू नकोस.

तू ज्याला कामावरून कमी करणार आहेस म्हणतोस, त्याच्याबद्दल एक सांगायचं आहे. ईयोब विचारतो: माझ्या दासाची तक्रार मी झिडकारली असती तर देव उठल्यावर मी काय केलं असतं? मला आणि त्याला पोटात घडवणारा एकच नाही का? (31:13-15). सही करण्याआधी त्या माणसाला समोर बसव आणि त्याचं म्हणणं पुरतं ऐक. मध्येच तोडू नकोस. कदाचित ऐकूनही त्याला जावंच लागेल. कामात ढिलाई खपवून घे असं मी म्हणत नाही. पण मग कारण त्याला तूच तोंडावर सांग, दुसऱ्याकरवी निरोप पाठवू नकोस, आणि त्याच्या घामाचा पैसा एक दिवसही अडवून ठेवू नकोस. मजुराची मजुरी दाबणाऱ्यांना मलाखी 3:5 मध्ये देव आपलं भय न धरणाऱ्यांतच धरतो.

भेट झाली की काय ठरलं ते कळव. तुम्हा दोघांसाठी प्रार्थना करतो आहे.

प्रभूमध्ये तुझा