वर्गणी कुणाकडे मागशील?

प्रिय पोरी,

तुझा आराखडा वाचला. ऊसतोड कामगारांसाठी मराठीत आणि गोरबोलीत (बंजारा बोलीत) चालणारं बातम्यांचं यूट्यूब चॅनल, सुरुवात बीडमधून, हे मला पटलं. पटलं नाही ते प्रेक्षकांचं पान. त्यात पुण्या-मुंबईचे विद्यार्थी आहेत, अभ्यासक आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, 'संवेदनशील शहरी वर्ग' नावाचा एक मोघम प्राणी आहे, आणि सगळ्यात शेवटी ऊसतोडीला जाणारी माणसं. तुझे आईवडील त्या यादीत तळाला. हे तू मुद्दाम केलं नाहीस, मला ठाऊक आहे. पैसे देतील असं वाटलं ती माणसं वर लिहिलीस. पण धंदा इथूनच कलायला लागतो, म्हणून कॅमेरा, लोगो वगैरे बाजूला ठेवून याच पानाबद्दल लिहितो.

२०१९ आठव. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. दिल्लीचे कॅमेरे आले, विधान परिषदेत प्रश्न निघाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८० हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली. ती पत्रकारिता वाईट नव्हती. तिच्यामुळेच सरकार हललं. पण ती ज्यांच्यासाठी लिहिली जात होती ती माणसं दुसरीकडे राहत होती. ज्या बाईला डॉक्टरने 'पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल' असं सांगितलं, तिला वेगळंच काही हवं होतं. दुसऱ्या डॉक्टरला कुठे दाखवायचं? सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी कोणत्या वारी होते? तिशीत पिशवी काढली तर पुढे हाडांचं काय होतं? त्या गदारोळानंतर खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावलं गेलं. हा नियम तुझ्या तांड्यावर किती जणींना माहीत आहे, विचारून बघ.

मजुरीचंही तेच. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांमध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तीन वर्षांसाठी. पेपरात तो एका दिवसाची बातमी होऊन गेला. एका कोयत्याच्या (तोडणीच्या जोडीच्या) हिशेबात टनामागे नेमके किती वाढले, मुकादमाने (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराने) उचलीत (आगाऊ दिलेल्या पैशात) किती वळते केले, खाड्याचे किती कापले, हे उदाहरण घेऊन कुणी मांडून दाखवलं? तू मांडलंस तर टोळीतला एखादा पोरगा तो व्हिडिओ हिशेबाच्या दिवशी मुकादमासमोर धरील. असं काम ज्याच्या उपयोगी पडतं तो पैसे देतो. वीस देईल, पन्नास देईल, पण देतो.

'आमची माणसं बातमीला पैसे देत नाहीत' असं तू लिहिलंयस. मग सेवालाल जयंतीला, भीमजयंतीला, हरिनाम सप्त्याला वर्गणी कोण देतं? ती सवय त्यांना आहेच, फक्त मागायची वेळ कळली पाहिजे. उचल हातात पडते ती दसरा-दिवाळीच्या आगेमागे; दुसरा पैसा दिसतो पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब झाला तर. डिसेंबरात फडात जाऊन कुणाला दरमहा वर्गणी भरायला सांगशील तर हात जोडून परत यावं लागेल. वार्षिक वर्गणी ठेव आणि गाड्या भरायच्या आधी मागून घे. त्या तांड्यांतून निघून एसटीत, पोलिसात, शाळेत, नर्सिंगमध्ये गेलेली पोरं-पोरी मात्र महिन्याला शंभर रुपये यूपीआयवर सहज लावून देतील. त्यांना गावाकडचं कळत नाही याची रुखरुख असते. त्यांना दानशूर म्हणून मिरवू नकोस, वर्गणीदार म्हण.

बाबासाहेब आंबेडकरांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघाला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. १९२३ मध्ये तो बंद पडला. १९२७ ला 'बहिष्कृत भारत' आला. त्याचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेब एकटे लिहून काढत, आणि १९२९ मध्ये तोही थांबला. भाषणांत आपण हे त्यागाची कथा म्हणून ऐकतो. तू एकदा जमाखर्च म्हणून वाच. भांडवल मोठं आलं ते एका राजाकडून, जाहिरातीचं दार दुसऱ्याच्या ताब्यात, लिहिणारा हात एकच, वर्गणीदार गरीब आणि गावोगाव विखुरलेला. यातली विखुरलेपणाची अडचण फोनने बरीचशी मिटवली. उरलेल्या तिन्ही तशाच आहेत.

दुसऱ्याच्या ताब्यातलं दार म्हणजे आज यूट्यूब. हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं गेलं की जाहिरातीत वाटा सुरू होतो: मोठ्या व्हिडिओवर ५५ टक्के, शॉर्ट्सवर ४५. पण ५५ टक्के कशाचे? मजुराला विकण्यासारखं जाहिरातदाराकडे फार काही नसतं, म्हणून त्या प्रेक्षकाचा भावही कमी. तो भाव वाढवायच्या नादात थंबनेलवर रडणारी बाई आणि लाल बाण येतो, हे तू इतर चॅनलांवर पाहिलं आहेसच. यूट्यूबचे येतील ते पैसे वरकमाई समज. आपल्या लोकांचे फोन नंबर, परवानगी घेऊन, स्वतःच्या वहीत ठेव. चॅनल उद्या बंद पडलं तरी वही राहते.

वाढदिवसाच्या जाहिरातींबद्दल तू विचारलंस. मी तालुक्याचं साप्ताहिक चालवलं आहे, त्यामुळे त्या अर्थकारणाची मला चांगली ओळख आहे. आपल्याकडे आमदार, कारखान्याचा चेअरमन आणि पानभर शुभेच्छा देणारा युवा नेता हे पुष्कळदा एकाच वाड्यात जेवतात. जाहिरात देताना कुणी अट घालत नाही, तेवढे ते सभ्य असतात. पुढच्या वर्षी जाहिरात येईल ना, हा विचार आपला आपणच करायला लागतो आणि वजनकाट्याची बातमी 'थोडी थांबू दे' म्हणतो. तुझा सगळा विषयच कारखाना आणि मुकादम यांच्याभोवती फिरतो. तू ते पैसे घेऊच नकोस. किराणावाला, मोबाइल दुरुस्तीवाला, टायर बैलगाडीचा कारागीर, बी-बियाण्यांचं दुकान यांच्या लहान जाहिराती घे. गोळा करायला त्रास आहे, पण दहातला एक रुसला तर काही बिघडत नाही.

'खबर लहरिया'चा अभ्यास कर. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये बुंदेलीतून ते पत्र सुरू झालं. लिहिणाऱ्या बाया बहुतांश दलित, आणि अंक विकायलाही त्याच गावोगाव जात. निरंतर ही संस्था पाठीशी होती. पुढे छपाई थांबवून त्या व्हिडिओकडे वळल्या आणि चंबळ मीडिया नावाची कंपनी उभी राहिली. मला त्यातलं शिकण्यासारखं वाटतं ते हे, की या बाया पगारी वार्ताहर होत्या, कुणी उपकार म्हणून हातात माइक दिलेल्या नव्हत्या. तुझ्या आराखड्यात वार्ताहरांपुढे 'स्वयंसेवक' लिहिलंय. खोड ते. चळवळ आहे म्हणून फुकट राबवून घ्यायचं, हे आपल्या लोकांनी पुष्कळ सोसलंय. तीनच जणींना घेता आलं तर तीनच घे, पण बातमीमागे ठरलेला पैसा ठरलेल्या तारखेला दे.

परदेशी पैशाचं एक आताच लक्षात ठेव, नाहीतर आयुष्याची डोकेदुखी होईल. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्या माध्यमाला परदेशी देणगी घेता येत नाही. डिजिटल बातम्यांच्या कंपनीत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांपर्यंतच, तीही सरकारच्या मंजुरीने. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात धरले जात नाहीत. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच माणसाचे धरले जातात. म्हणून वर्गणीच्या अर्जावर नागरिकत्वाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेव आणि एखादा नीट सीए गाठ. डिजिटल बातम्यांना लागणाऱ्या २०२१ च्या आयटी नियमांचंही त्यालाच विचार. तक्रार आली की पंधरा दिवसांत निकाली काढणारं माणूस नेमलेलं असलं, की बरेचसे धमकीचे फोन आपोआप लेखी अर्जावर येतात.

आता जरा आनंदाचं. तू जिल्ह्याचा नकाशा काढून बाजारपेठ मोजलीस, ते सोडून दे. तुझी माणसं ऑक्टोबरपासून कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि पार बेळगाव-बागलकोटपर्यंत असतात. कोपी, म्हणजे तोडणीवाल्यांची झोपडी, पडते तिथे तुझा प्रेक्षक. आणि गोरबोली तर कर्नाटकात, तेलंगणातही बोलली जाते. गोरबोलीतल्या आरोग्याच्या किंवा रेशनच्या कार्यक्रमाला जिल्ह्याची वेस नाही. हंगामात दुसऱ्या गावी रेशन कसं उचलायचं, एवढ्या एका विषयावर तू गोरबोलीत मालिका कर आणि बघ ती कुठवर जाते.

फक्त ती आवाजाची कर. एका कुटुंबात एक स्मार्टफोन, तो बहुधा नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात. बाई पहाटे अंधारात फडात उतरते, तिला पडद्याकडे बघायला सवड कधी? छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वरा साध्या फोनवर चाललं: मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, आपली बातमी बोलून ठेवायची नाहीतर दुसऱ्याची ऐकायची. इंटरनेट नको, अक्षरओळख नको. गोंडीतूनही. मोळी बांधताना कानाला लावून ऐकता येईल असं पाच मिनिटांचं काही तू दिलंस तर बायांपर्यंत पोचशील. त्यांनी बोलून ठेवलेलं मात्र तपासल्याशिवाय आणि नाव लपवायचं का हे विचारल्याशिवाय पुढे सोडू नकोस. उचल फिटेपर्यंत माणूस मुकादमाच्या मुठीत असतो.

आराखडा दुरुस्त करून पाठव. त्याबरोबर तुझ्या तांड्यावरच्या दहा घरांची यादी हवी: फोन कुणाकडे, रिचार्ज महिन्याला कितीचं, मागच्या हंगामात कुठल्या कारखान्याला गेले, आणि त्यांना तुझ्याकडून कोणती एक माहिती हवी आहे. प्रश्न आईला विचारायला लाव. तू वही घेऊन बसलीस की लोक सर्व्हेवाल्यांना देतात तसली उत्तरं देतील. दसऱ्याच्या आत जमव, नंतर तांड्यावर म्हातारी आणि पोरं सोडून कुणी सापडायचं नाही.

तुझा,
काका